रोद्रिगोला दोन, बुर्गोसला पण दोन

मागच्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी माझ्या मावसभावाने स्पेनमधले दोन किल्ले पाठोपाठ घेतले. टेबलावर, नेपोलियनच्या काळातल्या युद्धावरच्या आमच्या बोर्डगेममध्ये, ज्यात एका बाजूला फ्रेंच आणि दुसऱ्या बाजूला इंग्रज, स्पॅनिश आणि पोर्तुगीज. आधी स्युदाद रोद्रिगो आणि मग बुर्गोस. दोन्हीकडे आत माझी फ्रेंच शिबंदी दोन स्ट्रेंथ पॉइंटची (एक पॉइंट म्हणजे हजार माणसं), दोन्हीकडे त्याने बाहेर आठ पॉइंट आणून लावले, चारास एक या प्रमाणावरून निकालाच्या कोष्टकात फासा टाकला, माझे काउंटर, म्हणजे फौजांचे पुठ्ठ्याचे तुकडे, उचलले आणि टेबलाच्या कडेला ठेवून चहा प्यायला लागला. मी म्हणलं, अरे बुर्गोस असं पडत नाही. तर तो म्हणाला, "का नाही पडत दादा? रोद्रिगोला दोन, बुर्गोसला पण दोन. सेमच आहे की." नियमाप्रमाणे बघितलं तर त्याचं शंभर टक्के बरोबर होतं, वाद घालायला जागाच नव्हती. पण रात्री नकाशा गुंडाळताना, काउंटर त्या छोट्या प्लॅस्टिकच्या डब्यांमध्ये भरताना ते "सेमच आहे की" डोक्यातून जाईना. इतिहासात बघा, तोच सेनापती, तेच वर्ष, आतल्या शिबंदीचा आकडा पण जवळजवळ तोच, आणि तरी एक किल्ला बारा दिवसांच्या आत पडला आणि दुसरा महिनाभर झुंजून शेवटपर्यंत उभा राहिला. मग आमच्या गेममध्ये नक्की काय राहून गेलंय?

रोद्रिगोचं आधी सांगतो. १८१२ चा जानेवारी, हाडं गोठवणारी थंडी. इंग्रज सेनापती वेलिंग्टन ८ तारखेला किल्ल्यासमोर आला आणि त्याच रात्री लाइट डिव्हिजनने टेकडीवरची बाहेरची गढी धडक मारून घेतली, त्यामुळे खंदक खणायला पहिल्याच रात्री सुरुवात झाली. चार डिव्हिजन आळीपाळीने चोवीस-चोवीस तासांची पाळी करायच्या, म्हणजे आपला मुक्काम सोडून, आगेदा नदीच्या बर्फासारख्या पाण्यातून उतरून, ओल्या कपड्यांनी दिवस-रात्र माती उपसायची आणि परत तसंच पाण्यातून जायचं. पण त्यांच्या पाठीशी चोवीस पौंडी तोफा होत्या, एक-दोन नाही, तीसच्या वर. १९ तारखेच्या रात्री दोन खिंडारांमधून एल्गार झाला आणि शहर पडलं. क्रॉफर्ड आणि मॅकिनन असे दोन जनरल त्यात गेले, वेढ्याचं एकूण नुकसान अकराशेच्या आसपास. आत फ्रेंच होते जेमतेम दोन हजार.

आता बुर्गोस. तेच वर्ष, सप्टेंबर. मधे सालामांका जिंकलेलं, माद्रिद घेतलेलं, म्हणजे फौजेचा हुरूप वाढलेला असणार. आत द्युब्रतों नावाचा जनरल आणि त्याचे दोन हजार लोक. आणि वेलिंग्टनकडे भिंत फोडायच्या तोफा किती, तर तीन. अठरा पौंडी तीन तोफा आणि पाच हॉवित्झर, ज्यांनी तटाला फारसं काही होत नव्हतं. त्या तिनातल्या एकीचा बाजूचा कान फ्रेंच गोळ्याने उडाला तेव्हा शिपायांनी तिचं नाव नेल्सन ठेवलं, इंग्रजांच्या एका हाताच्या आरमारप्रमुख नेल्सनवरून. १९ सप्टेंबरपासून २१ ऑक्टोबरपर्यंत सुरुंग लावले, शिड्या लावल्या, पुन्हा सुरुंग, पुन्हा हल्ला, पावसाने खंदकात चिखल, आणि शेवटी फ्रेंच मदतफौज जवळ आली तेव्हा तोफांच्या गाड्यांच्या चाकांना गवत गुंडाळून रात्री गुपचूप किल्ल्याखालून निघून जावं लागलं. माणसं गेली दोन हजारच्या आसपास, म्हणजे आत जेवढे होते जवळजवळ तेवढीच. आणि त्यानंतरच्या माघारीत फौजेची जी दशा झाली ती वेगळीच.

म्हणजे दोन्ही ठिकाणी फरक होता तो तोफांचा, आणि आमच्या टेबलावर तोफांचा काउंटरच नव्हता. आमचा गेम जुना आहे, बाजारातल्या बहुतेक जुन्या गेमसारखं त्यात वेढा म्हणजे लढाईच असते, फक्त किल्ल्याच्या आत बसणाऱ्याला कॉलम शिफ्ट मिळतो, म्हणजे कोष्टकातला रकाना त्याच्या बाजूने सरकतो. मोकळ्या मैदानात तीनास एक हा हिशोब मला समजतो. पण भिंतीसमोर आठ हजार माणसं उभी केली काय आणि वीस हजार केली काय, भिंतीला त्याने काही होत नाही. भिंतीला फरक पडतो चोवीस पौंडी तोफेने, जिचं नुसतं नळकांडं अडीच टनाच्या घरात जातं, जी ओढायला बैलांच्या लांबच लांब रांगा लागतात, आणि जिच्यामागे बारूद आणि गोळ्यांच्या गाड्या शेकड्याने याव्या लागतात. १८११ मध्ये बादाखोसला इंग्रजांनी वेढा घातला तेव्हा त्यांच्याकडे असला तोफखाना नव्हताच, शेजारच्या एल्वाश किल्ल्यातल्या पोर्तुगीज पितळी तोफा आणल्या, त्यातल्या कित्येक सतराव्या शतकातल्या. त्या तापून वाकायच्या, गोळा नळीत सैल बसायचा, आणि ते वेढे फसले. हे वाचताना मला त्या तोफांवरच्या राजांच्या मोहरा डोळ्यासमोर येतात, दीडशे वर्षांपूर्वीच्या, आणि त्यांच्यामागे घामाने भिजलेले पोर्तुगीज गोलंदाज. हे सगळं आमच्या कॉलम शिफ्टमध्ये कुठे बसवायचं?

म्हणून पहिला हाऊस रूल, म्हणजे आमचा घरचा नियम, केला तो वेढ्याच्या तोफखान्याचा. त्याचा काउंटर वेगळा, लढाईत ताकद शून्य, चाल फक्त रस्त्यावरून आणि पायदळाच्या एक तृतीयांश. तो शेजारी नसेल तर खिंडार पडणार नाही, मग बाहेर किती का पॉइंट असेनात. तुम्ही शिड्या लावू शकता किंवा उपाशी मारू शकता, बाकी काही नाही. हा काउंटर शत्रूला पकडता येतो, आणि मला वाटतं या नियमातला सगळ्यात भारी भाग तोच आहे. कारण रोद्रिगो पडलं तेव्हा फ्रेंच मार्शल मार्माँच्या फौजेचा अख्खा वेढ्याचा तोफखाना आतच होता, तो इंग्रजांच्या हाती लागला, आणि त्याच वसंतात मार्माँ परत रोद्रिगोसमोर आला तेव्हा त्याला नुसतं बाहेर बसून बघावं लागलं. मार्माँची माणसं तेवढीच होती. पण किल्ल्यापुरती बघायची तर त्याची ताकद शून्य झाली होती.

नंतर मी वेळेच्या मागे लागलो.

आमचा टर्न दहा दिवसांचा. किल्ले आणि वेढ्यांचा फ्रेंच इंजिनिअर वोबाँ, त्याच्या जुन्या हिशोबात नियमाने चाललेल्या वेढ्याला अठ्ठेचाळीस दिवस धरलेत, पहिल्या घेरावापासून शरणागतीपर्यंत. म्हणजे जवळजवळ पाच टर्न. आधी वेढा पक्का, मग पहिला समांतर खंदक, मग तो पुढे सरकवत दुसरा-तिसरा, मग तोफा जवळ, मग खिंडार, मग किल्ल्याच्या खंदकाची बाहेरच्या बाजूची भिंत पाडून उतरायला वाट. प्रत्येक पायरीला एक टर्न आणि एक फासा, पाऊस असेल तर वजा, सुरुंगवाले नसतील तर अजून वजा. इंग्रजांकडे सुरुंगवाले जवळजवळ नव्हतेच, इंजिनिअर ऑफिसर बिचारे स्वतः पुढे जाऊन मरायचे, १८१२ च्या बादाखोसनंतर वेलिंग्टनने विलायतेला कळवळून लिहिलं तेव्हा कुठे सॅपर्स आणि मायनर्सची वेगळी पलटण तयार व्हायला लागली. हे पायऱ्यांचं कोष्टक केलं आणि खेळून बघितलं, तर मावसभाऊ म्हणाला बोअर होतंय दादा, चार टर्न मी नुसता फासा टाकतोय. आणि ते खरंच होतं. मला त्यावर बरेच दिवस उत्तर सापडत नव्हतं. खंदकात बसणं कंटाळवाणंच होतं, पण सेनापतीला कंटाळा येत नव्हता, कारण त्याचं लक्ष क्षितिजाकडे असायचं. मदतफौज कधी येते?

१८१० चं घ्या. फ्रेंच मार्शल मासेना पासष्ट हजार लोक घेऊन पोर्तुगाल संपवायला निघालेला, आणि वाटेत रोद्रिगो. आत हेरास्ती नावाचा म्हातारा स्पॅनिश किल्लेदार, साडेपाच हजार लोक, बरेचसे नवखे. एप्रिलच्या शेवटापासून फ्रेंच घेरायला लागले आणि किल्ला पडला जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. हेरास्ती हरलाच शेवटी, पकडला गेला. पण त्याने जे आठवडे खाल्ले ते मासेनाला परत मिळाले नाहीत. ऑक्टोबरमध्ये तो लिस्बनच्या रक्षणासाठीच्या तोरेस वेद्रासच्या तटबंदीसमोर पोचला तोपर्यंत ती बांधून झाली होती, पुढे रिकामा केलेला मुलूख, आणि हिवाळा. मार्चमध्ये मागे फिरेपर्यंत त्याची हजारो माणसं भुकेने आणि आजारानेच गेली. उलट पुढचा अल्मेदा किल्ला बघा, मजबूत, भरपूर रसद, आणि २६ ऑगस्टला एक गोळा पडून दारूकोठार उडालं, शहराचा मधला भागच नाहीसा झाला, दुसऱ्या दिवशी शरणागती. हेरास्तीने कमावलेल्या दिवसांपैकी काही तिथे असे एका क्षणात गेले. मला हेरास्तीबद्दल फार आपुलकी वाटते. त्याचा काउंटर नकाशावरून उचलला जातो तेव्हा फ्रेंच खेळाडूला व्हिक्टरी पॉइंट मिळतात, आणि मी ठरवलं की त्याने जितके टर्न धरलं तितके पॉइंट स्पॅनिश खेळाडूलाही मिळाले पाहिजेत. हरणाऱ्या किल्लेदाराला पॉइंट. यावर आमच्यात बरीच वादावादी झाली, अजून होते.

कंटाळ्यावरचं उत्तरही यातूनच निघालं. आता प्रत्येक टर्नला वेढा घालणाऱ्याने एकदा ठरवायचं, अजून खणायचं की आत्ताच घुसायचं. कच्च्या खिंडारातून घुसलात तर नुकसान दुप्पट, पण दिवस वाचतात. आणि समोरच्या खेळाडूने मदतफौजेचे काउंटर पालथे ठेवून सरकवायचे, म्हणजे ती खरी किती आहे ते कळत नाही. तेव्हापासून मावसभावाने बोअर शब्द काढलेला नाही. हातात फासा घेऊन तो नकाशाकडे बघत बसतो, कधी कधी उठून खिडकीपाशी जातो.

आकड्यांचं मात्र अजून सरळ होत नाहीये. एक पॉइंट म्हणजे हजार माणसं, असं आम्ही म्हणतो, पण कुठली हजार? इंग्रजांच्या हजेरीपत्रकात बहुतेक वेळा फक्त रँक अँड फाइल, म्हणजे साधे शिपाई, मोजलेले असतात, त्यात ऑफिसर, सार्जंट, ड्रमवाले धरलेलेच नसतात, म्हणून एक अष्टमांश वर घालावा लागतो. फ्रेंच पत्रकांत सगळे धरलेले. हे लक्षात न घेता दोन पत्रकं शेजारी ठेवली की इंग्रज आहेत त्यापेक्षा कमी दिसतात. मग आजारी. १८०९ मध्ये हॉलंडच्या वाल्खरेन बेटावर इंग्रजांनी चाळीस हजारांच्या आसपास फौज उतरवली, लढाईत मेले शंभरएक आणि तापाने मेले चार हजारांच्या घरात, आणि जे वाचले त्यांचा ताप पुढे वर्षानुवर्षं उलटत राहिला. त्या पलटणी स्पेनला आल्या की पाऊस पडायचा अवकाश, निम्म्या आडव्या. वेलिंग्टन कंटाळून म्हणायला लागला की वाल्खरेनवाले मला नकोत. बुर्गोसच्या माघारीनंतर तर त्याच्या फौजेतला जवळजवळ तिसरा हिस्सा दवाखान्यात होता. कागदावरचा आकडा, मैदानात उभा राहणारा आकडा आणि खंदकात रात्रभर फावडं मारू शकणारा आकडा हे तीन वेगळे आहेत, आणि काउंटरवर जागा आहे एकाच अंकाला. मी रात्री लॅपटॉपवर स्प्रेडशीट उघडून बसतो, एका बटालियनची जानेवारीची आणि ऑक्टोबरची संख्या शेजारी लावतो, आणि मधे कमी झालेल्या दोनशे-अडीचशे माणसांकडे बघत राहतो. ती कुठे गेली ते पत्रकात नसतं.

शिबंदीच्या बाबतीत एक गोष्ट मला फार उशिरा नाही पण हळूहळू पटत गेली, की आत जास्त माणसं म्हणजे किल्ला जास्त मजबूत असं धरणं हा जवळजवळ सगळ्या गेमचा गैरसमज आहे. स्पेनमधल्या सारागोसाच्या दुसऱ्या वेढ्यात स्पॅनिश सेनापती पालाफोखने तीस हजारांच्या वर सैनिक आत घेतले, शिवाय शहरातले लोक, शिवाय आसपासच्या खेड्यांतून आलेले. डिसेंबर १८०८ ते फेब्रुवारी १८०९. फ्रेंच घराघरातून, भिंती फोडत, एकेका खोलीसाठी लढत पुढे सरकत होते आणि आत टायफसने माणसं पटापट मरत होती. मेलेल्यांचा आकडा चोपन्न हजार सांगतात, त्यात बहुतेक रोगाने. इटलीतल्या मांतुआचंही तेच. सप्टेंबर १७९६ मध्ये ऑस्ट्रियन सेनापती वुर्म्झर आपली उरलेली फौज घेऊन आत शिरला, आमच्या गेमच्या भाषेत शिबंदी दुप्पट झाली, म्हणजे किल्ला घ्यायला दुप्पट कठीण. प्रत्यक्षात खाणारी तोंडं दुप्पट झाली, घोडे कापून खायची वेळ आली, दलदलीच्या तापाने हजारो गेले आणि फेब्रुवारीत दरवाजे उघडले. व्हॅलेन्सियाला स्पॅनिश सेनापती ब्लेक आपली फौज घेऊन आत अडकला आणि ९ जानेवारी १८१२ ला सोळा हजारांच्या वर लोकांसकट फ्रेंच मार्शल सूशेच्या हाती लागला. आणि बघा कसं गुंतलेलं असतं, त्या व्हॅलेन्सियासाठी नेपोलियनने मार्माँला आपली माणसं पूर्वेकडे पाठवायला लावली, म्हणून तर रोद्रिगोपाशी त्याच जानेवारीत कोणी नव्हतं. आता आमच्याकडे प्रत्येक किल्ल्याला एक मर्यादा लिहिलेली आहे. तेवढ्या पॉइंटपर्यंत शिबंदी बचावाला उपयोगी, त्याच्या वरचा प्रत्येक पॉइंट रसद खातो आणि रोगाच्या फाशात भर घालतो.

या सगळ्यात गाविलगड आठवल्याशिवाय राहत नाही. चिखलदऱ्याला डिसेंबरमध्ये गेलो होतो, सकाळी दरीतून धुकं वर येत होतं आणि सुकलेल्या गवताचा तो वास. बाहेरचा किल्ला ओलांडून आतल्या किल्ल्याकडे बघताना मधली घळ दिसते आणि मनात येतं की इथून कोण वर जाईल? १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज गेले. कर्नल स्टीव्हन्सनच्या लोकांनी अचलपूरहून डोंगरातून अनेक दिवस तोफा ओढून उत्तरेला आणल्या, खिंडार पाडलं, बाहेरचा कोट घेतला. आतल्या तटाला खिंडारच नव्हतं. तिथे ९४व्या रेजिमेंटच्या लाइट कंपनीचा कॅप्टन कॅम्पबेल शिडी लावून चढला, दरवाजा आतून उघडला आणि खेळ संपला, किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. त्याआधी ऑगस्टमध्ये अहमदनगरची पेठ पण शिड्यांवरूनच घेतलेली. त्या मोहिमेचा सेनापती आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा वेलिंग्टन. आणि बादाखोसला जी थर्ड डिव्हिजन शिड्या घेऊन गेली तिच्यात हीच ९४वी होती, असईला कापली गेलेली ७४वी पण होती. गाविलगडच्या तटावर हात ठेवून उभा होतो तेव्हा दगड गार होता आणि मला एकाच वेळी दोन गोष्टी वाटत होत्या. मी कित्येक वर्षं टेबलावर त्या माणसाच्या बाजूने, त्याच्या डोक्याने विचार करत आलोय, त्याला जिंकवत आलोय. आणि इथे आत जे मेले ते आपले.

गाविलगडला इंग्रजांचं नुकसान दीडशेच्या आत होतं. बादाखोसला, ६ एप्रिल १८१२ च्या एका रात्रीत, साडेतीन हजारांच्या वर. आत फ्रेंच किल्लेदार फिलिपाँ आणि त्याचे पाचेक हजार लोक. मदतीला निघालेला फ्रेंच मार्शल सूल्त काही मजलांवर येऊन ठेपलेला, म्हणून किल्ल्याच्या खंदकाची बाहेरच्या बाजूची भिंत न पाडता, फ्रेंचांनी ओढ्यावर बांध घालून तुंबवलेलं पाणी तसंच असताना, घुसायचं ठरलं. म्हणजे आमच्या नियमातलं कच्चं खिंडार, नुकसान दुप्पट. खिंडारांच्या तोंडाशी तुळयांमध्ये तलवारींची पाती रोवून ठेवलेली, फोर्थ आणि लाइट डिव्हिजन लाटेमागून लाट तिथे जात राहिल्या आणि एक माणूस आत जाऊ शकला नाही. शहर पडलं ते शिड्यांनी, पिक्टनच्या थर्ड डिव्हिजनची माणसं बालेकिल्ल्यावर चढली आणि दुसऱ्या टोकाला लीथच्या फिफ्थ डिव्हिजनची सान व्हिसेंते बुरुजावर, जिथे खिंडार नव्हतंच आणि फक्त लक्ष विचलित करायला पाठवल्यासारखे होते. मग पुढचे तीन दिवस विजयी फौजेने त्या शहरात जे केलं ते. ते शहर शत्रूचं नव्हतं, स्पॅनिश होतं, मित्रांचं. त्या काळच्या युद्धाच्या रिवाजात खिंडार पडल्यावर शरण आलं तर सन्मानाने सोडायचे, आणि नेपोलियनने किल्लेदारांना हुकूम दिलेला की निदान एक हल्ला झेलल्याशिवाय शरण जायचं नाही. या दोन गोष्टींच्या मधे जे लोक राहत होते त्यांना कोणी विचारलं नव्हतं. शेवटी वेलिंग्टनने चौकात फाशीचा खांब उभा केला तेव्हा शिपाई ठिकाणावर आले.

हे गेममध्ये कसं आणायचं, यावर मी सगळ्यात जास्त अडलो. मेकॅनिक म्हणून अगदी सोपं आहे. एल्गाराने शहर घेतलं की घुसलेले काउंटर पालथे, एक टर्न हलायचं नाही, लढायचं नाही, वर एक मार्कर. खेळायला पण छान चालतो, कारण मदतफौज जवळ असेल तर खेळाडू दहादा विचार करतो. पण मार्कर कापून पुठ्ठ्यावर चिकटवत होतो, त्यावर "विस्कळीत" असं छापलेलं, आणि हाताला डिंक लागलेला तसाच मी थांबलो. विस्कळीत म्हणजे काय झालं होतं ते मला माहीत होतं. बायका, मुलं, घरं. तो मार्कर ठेवला नाही तर नियम खोटा होतो आणि ठेवला तर त्या तीन दिवसांचा एक चौकोनी तुकडा होतो, अर्ध्या इंचाचा. बरेच दिवस तो तसाच ड्रॉवरमध्ये होता. आता ठेवलाय. आणि नियमांच्या वहीत त्या नियमाखाली चार ओळी लिहिल्यात, बादाखोसमध्ये त्या तीन दिवसांत काय झालं त्या, साध्या शब्दांत, नियमासारख्याच टायपात. मावसभावाने वाचल्या, काही बोलला नाही. खेळायला येणाऱ्या दुसऱ्या एका मित्राचं म्हणणं आहे की नियमांच्या वहीत हे नको, खेळताना मूड जातो. मूड जाऊ दे. शिडी लावायची की अजून एक टर्न खणायचं हे ठरवणाऱ्याच्या समोर ते असलंच पाहिजे असं मला वाटतं, आणि त्या ओळी राहणार आहेत.

सान सेबास्तियानचा किल्ला आता लिहायला घेतलाय. ३१ ऑगस्ट १८१३, भर दिवसा भरती-ओहोटीची वेळ साधून एल्गार, बादाखोसला जखमी होऊन वाचलेला फ्लेचर नावाचा मुख्य इंजिनिअर इथे मेला, आणि नंतर पुन्हा तेच, वर सगळं शहर जळून गेलं. डोंगरावरचा बालेकिल्ला मात्र ८ सप्टेंबरपर्यंत फ्रेंचांकडेच होता. म्हणजे शहर एका टर्नमध्ये पडतं आणि किल्ला पुढच्यात. तिथे तो मार्कर एक टर्न ठेवायचा की दोन, हे अजून ठरत नाहीये.